शालिकराम गुरुजींचा दुसरा तास

दुसऱ्याच्या वतीने देवाशी बोलणे हा मोठा अधिकार आहे, आणि म्हणूनच त्यात एक सूक्ष्म धोका आहे. जो सदैव इतरांसाठी याचना करतो, त्याला हळूहळू असे वाटू लागते की इतरांना काय हवे ते आपल्याला न विचारताच कळते. असा मनुष्य दुष्ट नसतो. बहुधा तो फार सज्जन असतो आणि त्याची भाषाही शुद्ध असते, त्यामुळे त्याचा दोष त्याला कोणी दाखवीत नाही. दाखविलाच तर त्याची पत्नी दाखविते, आणि तिचे ऐकून घेण्याइतका वेळ त्याच्यापाशी नसतो.

बालाघाटच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत शालिकराम गुरुजी हे असे सज्जन होते. छत्तीस वर्षे शाळेत शिकवून ते निवृत्त झाले होते. तरुणपणी नागपुरास एका शास्त्र्यांपाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले होते, आणि त्या अध्ययनाचे सारे वैभव त्यांच्या प्रार्थनेत उतरले होते. नामकरण असो, विवाह असो वा दफनविधी असो, प्रार्थनेसाठी गुरुजींनाच पाचारण होई, आणि समासांची एक दीर्घ शोभायात्रा प्रभूच्या सिंहासनाकडे मार्गस्थ होई.

घरची प्रार्थना रोज सकाळी होई. तिचा क्रम गेल्या वीस वर्षांत बदलला नव्हता. स्थावरजंगम सृष्टीच्या स्तवनास आरंभ झाला की त्यांच्या पत्नी पुष्पलताबाई चुलीवर आधण ठेवीत. राज्यकर्त्यांसाठी सद्बुद्धी मागितली जाऊ लागली की त्या तांदूळ वैरीत, आणि विधवा, अनाथ व प्रवासी यांचा उल्लेख आला की भात उतरवीत. आपला भात या प्रार्थनेने कधी करपू दिला नाही, असे त्या शेजारणींना कृतज्ञतेने सांगत.

"तुमची प्रार्थना देवाले पाठ झाली असंन जी," त्या एकदा म्हणाल्या. "मधात अडकले तं पुढचं तोच सांगंन."

भक्तीत पुनरुक्ती हा दोष मानीत नाहीत, असे गुरुजींनी त्यांस गंभीरपणे समजावून दिले.

या क्रमात एक नाव मात्र तीन वर्षांपासून येत नव्हते. ते त्यांच्या एकुलत्या मुलाचे, माणिकचे. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी भर उपासनेत गुरुजींनी प्रार्थना करता करता हा पुत्र प्रभूच्या सेवेस अर्पण केला, आणि येत्या जूनमध्ये तो धर्मशिक्षणासाठी प्रस्थान करील, असेही प्रभूस कळविले. प्रभूबरोबर माणिकलाही ते तेव्हाच कळले. बाहेर आल्यावर त्याने एवढेच म्हटले की बाबा, मले एक वेळ विचारलं असतं. महिन्याच्या आत तो भरवेलीच्या मँगनीज खाणीत फिटर म्हणून लागला आणि तेथील वसाहतीत राहू लागला. गुरुजींनी हा देवाचा अपमान मानला. देवापेक्षा अधिक अपमान कोणाचा झाला होता, हे मंडळीतील सर्वांस ठाऊक होते, परंतु गुरुजींना सांगण्याची कोणाची छाती नव्हती. पुढे माणिकचा विवाह झाला. त्या दिवशी गुरुजींना ज्वर आला, आणि वऱ्हाड परत निघताच तो उतरला. भरवेली दोन कोसांवर होती. पुष्पलताबाई तेथे अधूनमधून जाऊन येत, परंतु परतल्यावर तेथील काही बोलू गेल्यास गुरुजी चष्मा पुसू लागत, आणि चष्मा स्वच्छ होईपर्यंत विषय मावळलेला असे.

१९६४ साली मंडळीस प्रेमलाल नावाचे तरुण पाळक लाभले. ईस्टरपूर्वीच्या दुःखसहनाच्या सप्ताहात सकाळी सहापासून सायंकाळी सहापर्यंत प्रार्थनामंदिरात अखंड प्रार्थना व्हावी, असे त्यांनी सुचविले. एकेकाने एकेक तास बसावे, पुढचा येईपर्यंत आधीच्याने उठू नये, आणि ही प्रार्थना मौनातच करावी. हा शेवटचा नियम ऐकून गुरुजींना किंचित खेद झाला. तथापि कोणी कधी बसावे याची यादी करण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि खेद ओसरला.

त्यांनी शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे पट्टीने रेघा आखल्या आणि लाल व निळ्या शाईत मंडळीस तास वाटून दिले. कोणास विचारण्याचे कारण त्यांना दिसले नाही. शाळेतही वर्गांना विचारून वेळापत्रक करीत नसत. बुधवारचा सात ते आठ हा तास त्यांनी स्वतःकडे घेतला, आणि आठ ते नऊ भरवेलीच्या डोमाजीस दिला.

"डोमाजीले विचारलं का?" पुष्पलताबाईंनी खांद्यावरून डोकावून पाहिले. "त्याची पहिली पाळी हाय ना."

"प्रार्थनेला कोणी नकार देत नसतो."

"नकार कुठं देऊन राह्यला तो बिचारा? खाणीतून येईन कसा, ते म्हणते मी."

गुरुजी तोवर गुरुवारचा रकाना आखू लागले होते. यादीच्या तळाशी त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले: नियमभंग क्षम्य नाही.

बुधवारी सात वाजता ते मंदिरातील चटईवर बसले आणि नेत्र मिटून त्यांनी मनातल्या मनात सृष्टीच्या स्तवनास आरंभ केला. घरी ही प्रार्थना भात शिजेपर्यंत पुरत असे. परंतु स्वराचे आरोह-अवरोह वजा झाले, श्रोते वजा झाले, आणि आमेनवर पोहोचून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, तेव्हा अकरा मिनिटे झाली होती. त्यांनी पुन्हा आरंभ केला. या खेपेस नऊ मिनिटे लागली. तिसऱ्या खेपेस पहिल्याच समासापाशी त्यांना पत्नीचे बोलणे आठवले, आणि पुढचे देव सांगेल की काय अशा संकोचाने ते थांबले. उरलेला वेळ त्यांनी पाठीच्या कण्याकडे लक्ष देण्यात काढला.

आठ वाजले. डोमाजी आला नाही. सव्वाआठ झाले. गुरुजींनी त्याच्यासाठी मनात एक उपदेश रचला. तो चांगला जमत आला असतानाच, पहिली पाळी हाय ना, हे शब्द त्यांच्या कानांत उमटले, आणि उपदेश कोणास करावयाचा हे स्पष्ट झाले. उठता येत नव्हते. ती ठळक अक्षरे त्यांचीच होती.

प्रार्थना संपली होती आणि तास उरला होता. तेव्हा त्यांनी आपल्या हाडीमासी खिळलेली एकच गोष्ट केली. ते हजेरी घेऊ लागले. मंडळीतील एकेक नाव ते मनात उच्चारीत, आणि वर्गात जसे थांबत तसे क्षणभर थांबत. त्या थांबण्यात त्यांना चमत्कारिक अनुभव येऊ लागला. गोदाबाई, असे म्हणून ते थांबले, आणि लक्षात आले की विधवांसाठी आपण वर्षानुवर्षे कृपा मागत आलो, पण ही एक विधवा एकटीने कशी राहते हे आपल्याला ठाऊक नाही. डोमाजी, असे म्हणून थांबले, आणि त्याच्या मुलांची नावे आठवेनात.

डोमाजीनंतर भरवेलीचे आणखी एक नाव होते. गुरुजी ते ओलांडून पुढे गेले, पण पुढे त्यांना जाता येईना. शाळेत त्यांचा एक नियम होता. सलग चार दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाचे नाव ते कापीत नसत. पाचव्या दिवशी स्वतः त्याच्या घरी जात. एकदा एका मुलासाठी ते दूरच्या लामता गावापर्यंत गेले होते. आणि येथे तीन वर्षे झाली होती.

माणिक, असे त्यांनी मनात म्हटले आणि ते थांबले.

काही झाले नाही. आकाशवाणी झाली नाही. आढ्यावर एक चिमणी काडी घेऊन आली आणि रस्त्यावरून बैलगाडी गेली. गुरुजींना पुढचे वाक्य सुचले नाही, आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी ते शोधले नाही. हाक मारल्यावर थांबायचे असते, हे त्यांनी छत्तीस वर्षे वर्गात पाळले होते. देवाला मात्र हजर म्हणण्याइतकीही उसंत त्यांनी कधी दिली नव्हती. डोळ्यांतून पाणी येत होते. ते त्यांनी पुसले नाही. चष्मा खिशात होता.

नऊ वाजता गोदाबाई आल्या. सरकारी दवाखान्यात दाई म्हणून त्यांनी आयुष्य काढले होते, आणि माणसाचा चेहरा त्या लगेच वाचीत.

"गुरुजी, दोन तास बसले का जी?" त्या हळूच म्हणाल्या. "एवढं काय मागून राह्यले होते देवाले?"

"मागितले काहीच नाही," गुरुजी म्हणाले, आणि आपल्याच उत्तराचे त्यांना नवल वाटले.

घरी येऊन त्यांनी पत्नीस विचारले की भरवेलीकडे बस केव्हा असते.

"तीन वर्षं झाले, रोजच जाते जी," पुष्पलताबाई म्हणाल्या. "साडेदहाले एक हाय." आणि पुढचा प्रश्न येण्याआधी त्या लुगडे बदलावयास आत गेल्या.

भरवेलीच्या वसाहतीत दार सुनेने उघडले. सासऱ्यांना पाहून चारुलतेने पदर डोक्यावर घेतला, पाणी दिले, चहा दिला, आणि नंतर काय करावे ते न कळून पुन्हा पाणी दिले. माणिकची पाळी दुपारी सुटावयाची होती. गुरुजी खाटेवर बसून राहिले. आज थांबण्याचा त्यांना थोडा सराव झाला होता.

अडीचच्या सुमारास माणिक आणि डोमाजी सोबतच सायकली लोटीत आले, मँगनीजच्या काळ्या धुळीने माखलेले. गुरुजींना पाहताच डोमाजीने सायकल भिंतीला टेकवून हात जोडले. तास चुकल्याबद्दल गुरुजी येथवर रागवायला आले, अशी त्याची समजूत झाली. सुटी मागितली होती पण मिळाली नाही, असे तो अजिजीने सांगू लागला.

गुरुजी उभे राहिले. "डोमाजी, चूक माझी आहे. मी तुला विचारलेच नाही."

माणिक हँडल धरून तसाच उभा राहिला. वडिलांच्या मुखातून असे वाक्य त्याने जन्मात ऐकले नव्हते. त्याने आईकडे पाहिले. ती छपराकडे पाहत होती. मग तो हातपाय धुवावयास गेला, आणि त्याला त्या दिवशी फार वेळ लागला.

ताटे वाढली गेली. रीतीप्रमाणे प्रार्थना ज्येष्ठाने करावयाची. सर्वांनी डोळे मिटले, पण प्रार्थना सुरू होईना.

"माणिक," गुरुजी म्हणाले, "तुझ्यासाठी देवाजवळ काय मागू?"

माणिकने डोळे उघडले. "तुम्ही मले विचारून राह्यले, बाबा?"

"हो. विचारतो आहे."

माणिकने पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला. गुरुजींनी त्याच्या वतीने उत्तर दिले नाही. शेवटी ताटाकडे पाहत तो म्हणाला, "हिले दिवस गेले हायेत. मागच्या साली गेले होते, ते राहिलं नाही. हे राहू दे म्हणा. बस, एवढंच."

पुष्पलताबाईंची मान खाली गेली. त्यांना ते ठाऊक होते. गुरुजींना आज कळले. चष्मा पुसण्यात आपण काय काय गमावले, हेही कळले.

"प्रभो," ते म्हणाले, "चारुलता आणि तिचे बाळ. यांना राख." पुढे शब्द होते, पण त्यांनी ते बोलावले नाहीत. ते थांबले. चारुलतेने एक डोळा उघडून पाहिले, सासऱ्यांचे नेत्र मिटलेलेच दिसले, म्हणून तिने तो पुन्हा मिटला. मग माणिकनेही मिटले.

त्या उदरातील जीवास पूर्ण दिवस लाभोत. त्याच्या मातेस निद्रा आणि पित्यास सुखरूप पाळी लाभो. त्या वृद्धास ऐकण्याचे वरदान मिळो, आणि त्याच्या पत्नीची जीभ आहे तशीच राहो. आमेन.