वीतभर फीत

गिटार मास्तरांची दाढ चार महिने दुखत होती, आणि त्यांची सख्खी लेक दातांची डॉक्टर होती. आता शहाणा माणूस काय करेल? लेकीच्या दवाखान्यात जाईल, आ वासून खुर्चीत बसेल आणि अर्ध्या तासात मोकळा होईल. मास्तर लवंग चघळत फिरत होते. कोणी विचारलंच तर गाल धरून सांगायचे, "तिचा हात स्थिर नाही."

हे मत त्यांनी लेक पंधरा वर्षांची असताना बनवलं होतं. त्यानंतर त्याच हाताने निम्म्या गावाच्या दाढा काढल्या, कोणाचा जीव गेला नाही, तरी मत जागचं हललं नव्हतं. मास्तरांचं एकदा ठरलं की ठरलं.

मास्तरांचा क्लास म्हणजे मेहुण्याच्या कॅसेटच्या दुकानावरची खोली. कुरकुरणारा लाकडी जिना, सहा स्टुलं, भिंतीवर खुंट्यांना अडकवलेल्या चार गिटारी, आणि टेबलावर दोन वस्तू: एक फूटपट्टी आणि एक कॅसेट. कॅसेट होती एका जुन्या ब्रिटिश बँडची. चार केसाळ पोरं, ब्लूजचं रडगाणं आणि रॉकचा धिंगाणा, दोन्ही एकाच वेळी. त्यातल्या पाचव्या गाण्यात मध्ये दीड मिनिट नुसती गिटार होती. गावात त्याला 'तुकडा' म्हणायचे. तुकडा आल्याशिवाय कोणी स्वतःला गिटारवाला म्हणवून घेत नसे. सलूनवाला शिकला होता, बसचा ड्रायव्हर शिकला होता, पोस्टातला कारकून शिकला होता, आणि सगळे शिकले होते मास्तरांच्याच कॅसेटवरून. गावात दुसरी नव्हतीच.

तुकड्याच्या मधोमध एक जागा होती. सूर शहाण्यासारखे पायऱ्या चढत यायचे आणि अचानक, ताल पुरा नाही की श्वास पुरा नाही, भलत्याच पायरीवर जाऊन उभे राहायचे. मास्तर त्या जागेला 'उडी' म्हणायचे.

"साधा माणूस पायरी पायरीने जातो," ते फूटपट्टी हवेत नाचवत सांगायचे. "हा उडी मारतो. आणि पडत नाही. या माणसाने जन्मात एक सूर चुकवलेला नाही."

मग जो चुकेल त्याच्या बोटांवर फूटपट्टी. चुकायचे सगळेच. महिनोन्‌महिने चुकायचे, कशीबशी उडी जमवायचे आणि मग जन्मभर मिरवायचे.

लेकीला मात्र ती जमली नाही. एका संध्याकाळी सगळ्या शिष्यांसमोर मास्तरांनी तिच्याकडून ती जागा अकरा वेळा वाजवून घेतली. अकरा वेळा ती तिथेच अडखळली. "तुझा हात स्थिर नाही," मास्तर म्हणाले. तिने गिटार खुंटीला अडकवली, जिना उतरली आणि त्यानंतर सतरा वर्षं त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. बापाशी बोलायची, थट्टा करायची, त्यांचा चष्मा हरवला की शोधून द्यायची. पण गिटारचा विषय निघाला की भांडी घासायला उठायची, भांडी घासलेली असली तरी.

आता खरी गंमत ऐका. ती उडी कोणी मारलीच नव्हती.

मास्तर तरुण होते तेव्हाची गोष्ट. नवीकोरी कॅसेट घरी आणली, पहिल्यांदाच लावली, आणि नेमक्या त्या जागी टेपरेकॉर्डरने फीत खाल्ली. मास्तरांनी चुरगळलेली वीतभर फीत कात्रीने कापून टाकली आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडली. त्या वीतभरात काय वाजलं होतं ते त्यांनी कधी ऐकलंच नाही. दुसरी कॅसेट मिळेना, कारण ती काढणारी कंपनीच बुडाली. पुढे पहिल्या शिष्याने विचारलं, "मास्तर, इथे काहीतरी तुटल्यासारखं वाटतं." खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मास्तर म्हणजे मास्तर. ते म्हणाले, "तुटलेलं नाही, ती उडी आहे." झालं. एकदा म्हटलं म्हणून दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, आणि तीस वर्षांत त्यांना स्वतःलाही ते बरेचसे दिवस खरं वाटायला लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ उघडायला एका गुरुवारी मेहुणाच निघाला.

"भाऊजी, खाली या आधी," त्याने जिन्याखालून हाक मारली. दुकानात एक खोकं उघडं पडलं होतं आणि मेहुण्याचा चेहरा लग्न ठरल्यासारखा फुलला होता. "तुमचा बँड. सीडीवर आलाय. मूळ टेपवरून धुऊनपुसून पुन्हा काढलाय. एक सेकंदही गाळलेला नाही म्हणे, इथे मागे छापलंय."

मास्तरांनी सीडी उलटी करून मागचं छापलेलं वाचलं. दाढेने नेमका तोच मुहूर्त साधून एक कळ मारली.

"शनिवारी सकाळी दुकानात मोठ्याने वाजवू," मेहुणा म्हणाला. "तुमचे सगळे शिष्य बोलावतो. आधी तुम्ही दोन शब्द बोला. उडीवर बोला."

शुक्रवारी दुपारी मास्तर मोठी पिशवी घेऊन दुकानात हजर.

"किती आल्यात त्या?"

"बारा."

"सगळ्या दे."

मेहुण्याने चष्मा कपाळावर चढवला. "सगळ्या कशाला?"

"भेट द्यायला. लोकांना."

"भाऊजी, माझ्या लग्नात तुम्ही भेट म्हणून टेबलावरचं घड्याळ दिलं होतं. तेही बंद."

"देतोस की नाही?"

"दहा आहेत. दोन सकाळीच गेल्या. एक सलूनवाल्याने नेली, एक ड्रायव्हरने."

मेहुणा पक्का दुकानदार होता. दहा सीडी एका दमात खपत असताना जास्त चौकशी करणारा मूर्ख, हे त्याला कळत होतं. शनिवारसाठी एखादी ड्रायव्हरकडून मागून आणता येईल, हेही कळत होतं. त्याने पिशवी भरून दिली आणि जाता जाता भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

मास्तरांनी दहाच्या दहा सीडी पलंगाखाली सरकवल्या, आधीच गेलेल्या दोन सोयीस्करपणे विसरले आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले. संध्याकाळी त्यांच्या बायकोने केर काढताना त्या बाहेर ओढल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि लेकीला फोन लावला.

"तुझ्या बाबांनी एकच सीडी दहा वेळा विकत आणलीय आणि लपवून ठेवलीय. घरात ती वाजवायचं यंत्रही नाही. जरा येऊन बघून जा. दातांची का असेना, डॉक्टर आहेस."

शनिवारी मास्तर कॅसेट खिशात टाकून शीळ घालत दुकानात उतरले. दुकानात सीडीच नाही म्हटल्यावर वाजवणार काय, कपाळ? बाकीचे शिष्य अजून यायचे होते, पण काउंटरवर आधीच भांडण पेटलं होतं. सलूनवाला खिशात कंगवा खोचून तसाच आला होता, शेजारी ड्रायव्हर, आणि दोघांच्या हातात एकेक सीडी.

"ही खराब आहे. बदलून दे," सलूनवाला म्हणत होता.

"काय खराब आहे?"

"उडीच नाही. मध्येच काहीतरी भलतं घुसलंय."

"माझ्यातही तेच," ड्रायव्हर म्हणाला. "तीनदा लावून पाहिली. त्या नादात पहिली बस वीस मिनिटं उशिरा सुटली. मास्तर, बरं झालं आलात. तुम्हीच सांगा याला."

मास्तरांचा कानांवर विश्वास बसेना. शिष्य असावेत तर असे. अख्खा बँड चुकेल, पण मास्तर चुकणार नाहीत. मेहुणा पाटी दाखवून दमला, शेवटी त्याने कागद ओढला आणि कंपनीला पत्र खरडलं: सदर सीडी सदोष असून जाणकारांच्या मते पाचव्या गाण्यात नको तो भाग शिरला आहे. कागद त्याने मास्तरांसमोर सरकवला.

"जाणकार तुम्ही. सही ठोका. कंपनी मुकाट्याने माल बदलून देईल."

मास्तरांनी पेन उचललं. अळीमिळी गुपचिळी. एक सही केली की उडी आणखी तीस वर्षं सुखरूप होती.

"आधी ऐकून तरी घ्या," दारातून आवाज आला. लेक उभी होती. दवाखान्यातला पांढरा कोट अंगात तसाच होता, आणि ती पेशंटला तपासावं तशी मास्तरांच्या डोळ्यांत बघत होती.

मेहुण्याने ड्रायव्हरची सीडी लावली आणि पाचव्या गाण्यावर नेली. तुकडा सुरू झाला. सूर पायऱ्या चढत आले. मास्तरांनी श्वास रोखला. आणि मग त्या मोठ्या, जगभर गाजलेल्या गिटारवाल्याचं बोट घसरलं. साफ घसरलं. एक बेसूर आवाज झाला, तो थांबला, आणि हसला. मनापासून हसला. मागून आणखी कोणीतरी हसलं. मग तो पुन्हा तालात शिरला आणि पुढे गेला. सगळं मिळून चार-पाच सेकंद. वीतभर.

"इथेच," लेक हळूच म्हणाली. "मी इथेच चुकायचे."

तिच्या आवाजात राग नव्हता. नुसतं नवल होतं, आणि तेच मास्तरांना लागलं.

"बघा, दोष," सलूनवाला म्हणाला.

"धडधडीत दोष," ड्रायव्हर म्हणाला.

मास्तर कागदाकडे बघत राहिले. ज्याने जन्मात सूर चुकवला नाही असं सांगून त्यांनी गावभर बोटं सुजवली, तो चुकला होता. चुकून हसला होता, आणि ती चूक त्याने न लपवता लोकांसमोर ठेवली होती. आपण मात्र चिकटपट्टी लावून बसलो. मास्तरांना स्वतःची लाज वाटली. सही केली तर दोष सीडीचा ठरणार होता, आणि लेकीचा हात होता तसाच, अस्थिर, राहणार होता.

त्यांनी पेन खाली ठेवलं. खिशातून कॅसेट काढली आणि त्याच पेनाने फीत सावकाश फिरवत नेली. पिवळी पडलेली चिकटपट्टी वर आली तेव्हा थांबले.

"दोष सीडीत नाही, यात आहे," ते म्हणाले. "यंत्राने फीत खाल्ली होती. मी कापून टाकली. उडीबिडी काही नाही. मी खोटं बोललो."

सलूनवाल्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"आणि ही?" त्याने विचारलं.

"दीड वर्ष लागलं मला ती उडी जमायला," ड्रायव्हर म्हणाला. "लग्नात वाजवली. सासऱ्यासमोर. तो म्हणाला, मध्ये काहीतरी चुकलं वाटतं. तेव्हापासून मी त्याला अडाणी समजतोय."

"फूटपट्टी वर टेबलावर आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी हात काउंटरवर पालथा ठेवला.

"थांबा," लेक म्हणाली. "आधी मला वाजवू दे."

ती जिना चढली. मागोमाग सगळे चढले, दुकान उघडं टाकून मेहुणाही. तिने खुंटीवरून आपली जुनी गिटार काढली, धूळ कोटाच्या बाहीने पुसली, तारा जुळवल्या आणि तुकडा सुरू केला. सुरुवातीला बोटं अवघडलेली होती, मग सैल झाली. ती जागा आली आणि तिचं बोट घसरलं. मुद्दाम नाही, आपोआप, सतरा वर्षांपूर्वी घसरायचं तसंच. तिला हसू फुटलं, हसता हसताच तिने पुढचा सूर धरला, आणि तो अगदी जिथे पडायला हवा तिथे पडला. गावात तो तुकडा पुरा वाजला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

"बरोबर," मास्तर म्हणाले. हा शब्द त्या खोलीने फारसा ऐकला नव्हता. मग घसा खाकरून म्हणाले, "सतरा वर्षं लागली."

"तुम्हाला," लेक म्हणाली आणि तिने फूटपट्टी सलूनवाल्याच्या हातात दिली.

बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. पलंगाखालच्या सीडी मेहुणा काही परत घेईना, मग रविवारी मास्तरांनी त्या खरोखरच भेट दिल्या. जुने शिष्य जिन्यावर रांग लावून आले, एकेक सीडी उचलली आणि जाताना मास्तरांच्या बोटांवर एकेक फटका देऊन गेले. पोस्टातल्या कारकुनाने दोन दिले, कारण तो डावखुरा होता आणि त्याला उडी सगळ्यात जड गेली होती.

दहावी सीडी लेकीने दवाखान्यात नेली. सोमवारी मास्तर सुजलेली बोटं घेऊन तिच्या खुर्चीत आ वासून बसले. तिने सीडी लावली आणि दाढ कोरायचं यंत्र हातात घेतलं. दाढ कोरली जात असताना पाचवं गाणं सुरू झालं. सूर पायऱ्या चढू लागले. पुढे काय येणार ते मास्तरांना ठाऊक होतं, तरी तो गिटारवाला घसरला आणि हसला तेव्हा त्यांनी खुर्चीचे हात घट्ट पकडले.

लेकीचा हात केसभरही हलला नाही.

"घाबरू नका बाबा," ती म्हणाली. "चुकला तो. मी नाही."

मास्तरांच्या तोंडात नळी होती आणि कापसाचा बोळा होता, त्यामुळे त्यांना यावर मत देता येईना. त्यांनी जोरजोरात मान डोलावली.

"मान हलवू नका," लेक म्हणाली आणि तिने छोट्या आरशाच्या दांड्याने त्यांच्या बोटांवर हलकेच एक मारली.