गंगा बाजाराला निघाली

"नवी नाव पान्यावरी, तिला लावा काळी टिकी
जग न्हाई वाईट, बाई, त्याची नजर लई तिखी."

जात्याच्या घरघरीतून येणारा आईचा हा आवाज रामकिसन भोयाच्या कानात चाळीस वर्षं मुरला होता. म्हणून तर त्यानं बाजारातून घोड्याची नाल आणली आणि नव्या सरकारी होडीच्या आडव्या फळीखाली, कुणाला दिसणार नाही अशी, दोन खिळ्यांनी ठोकून टाकली. तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालची. गेवराईच्या उत्तर अंगाला गोदावरी मोजायला होडी आली होती. गोदावरीला इकडं सगळे गंगाच म्हणतात. होडीवर रामकिसन नावाडी आणि विजयमाला इंजिनिअर. वय सव्वीस, डोक्यावर पांढरी टोपी, चाल अशी की वाळूत सुद्धा पाय रुतू नये. त्याच आडव्या फळीच्या टोकाला ॲल्युमिनियमचा दांडा, दांड्याला डब्याएवढं यंत्र. ते पाण्यात तोंड बुडवून आवाज सोडी आणि गाळाच्या कणांवर आपटून माघारी आलेल्या आवाजावरून पाण्याचा वेग ओळखी. पाणी कुठल्या दिशेला जातंय ते ठरवायला त्याच्या पोटात एक होकायंत्र होतं. विजयमालानं सगळे बोल्ट पितळेचे मागवले होते. गंज चढू नये म्हणून असतील, असं रामकिसननं आपल्या मनानं धरलं.

आज मोठे साहेब दुपारी यायचे होते. पाण्यात सोडून वेग मोजायच्या जुन्या फिरकीचं माप आणि या यंत्राचं माप जुळलं नाही तर होडी उद्याच दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होती. होडीबरोबर रामकिसनचं काम जाणार आणि विजयमालाचं नाव खाली पडणार.

सकाळी पहिली फेरी झाली. विजयमालानं लॅपटॉपचं झाकण डोळ्यांजवळ ओढलं आणि पडद्यावरचे पाण्याच्या दिशेचे बाण पुन्हा पुन्हा बघितले.

"काय म्हणती गंगा?" काठावरून मृत्युंजय ओरडला. गेवराईत त्याचं हार्डवेअरचं दुकान, बोल्ट त्याचेच. यंत्र बघायला गिऱ्हाईक सोडून आला होता.

"पूर्वेला जायची ती दक्षिणेला चाललीय!"

"म्हंजे गेवराईकडं? आज बाजार हाय बे रामकिसन! गंगा बाजाराला निघाली!"

काठ खदखदून हसला. विजयमाला हसली नाही.

"जवळपास कुठंतरी लोखंड आहे," ती म्हणाली. "होकायंत्र बहकतंय त्यानं. काका, खिसे रिकामे करा."

रामकिसननं एकदा फळीकडं बघितलं. त्यानं अडकित्ता काढून ठेवला, चाकू ठेवला, कुलपाची किल्ली ठेवली. विजयमालानं स्वतःच्या केसांतल्या पिना काढल्या.

"ते इंजन लोखंडाचंच हाय की!" मृत्युंजय म्हणाला.

"ते पार मागं आहे, यंत्रापासून लांब."

दुसरी फेरी झाली. गंगा बाजाराची वाट सोडीना.

मग विजयमाला बोल्टांकडं बघत राहिली. काठाला होडी लागताच म्हणाली, "मृत्युंजयभाऊ, हे अस्सल पितळ आहे ना? का आत लोखंड आणि वरून मुलामा?"

मृत्युंजयचं हसू मावळलं. "ताई, तीन पिढ्यांचं दुकान हाय. गळ्यात इष्टलिंग हाय माझ्या. मुलामा इकला आसंल तर उद्यापासून दुकान उघडणार न्हाई." त्याचा आवाज चिरकला. आत्ता हसणारी माणसं आता त्याच्याकडं टक लावून बघत होती.

रामकिसनला वाटलं, आपण इथंच पाण्यात उतरावं आणि खालच्या खालून घरी जावं. बोलावं तर हसं, वर नोकरी जाईल. न बोलावं तर होडीही जाईल आणि या भल्या माणसाची तीन पिढ्यांची अब्रूही.

"त्येला काय बोलू नका," तो म्हणाला. "लोखंड माझं हाय."

त्यानं फळीखाली हात घालून काल रात्रीच ठोकलेली नाल दाखवली. विजयमाला वाकली, बघितलं आणि कपाळावर हात मारून होडीतच बसली.

"काका! नाल? यंत्राला?"

"नवी वस्तू हाय, म्याडम. नजर लागती."

पुढचं सांगायच्या आधीच तो वाकून खिळे चाचपू लागला.

"अन् मी मुलामेवाला!" मृत्युंजयच्या अंगात पुन्हा जीव आला. "थांब बे, जंबूर माझ्याच गाडीत हाय." त्यानंच खिळे उपटले, नाल लांब वाळूत भिरकावली. विजयमालानं त्याच्यापुढं हात जोडले. "चुकलं माझं, भाऊ." तो लाजून डोकं खाजवत राहिला.

तिनं होकायंत्र नव्यानं जुळवून घेतलं. मग तिसरी फेरी. रामकिसननं इतकी सरळ होडी आयुष्यात हाकली नव्हती. पडद्यावरचे बाण थरथरले, वळले आणि एकामागून एक शहाण्या लेकरांसारखे पूर्वेला तोंड करून उभे राहिले. वेग काढला, फिरकीच्या मापाशी ताडला. केसाएवढा फरक. दूर रस्त्यावर साहेबांच्या जीपचा धुरळा उठला होता.

विजयमाला मोकळ्या केसांनी हसत म्हणाली, "काका, यंत्राला इतकं जपता होय?"

रामकिसननं इंजन बंद केलं. होडी आपल्या आपण काठाकडं सरकत होती.

"यंत्राला न्हाई, माय. तुमाला." त्यानं मान खाली घातली. "तुमी आलता त्या दिशी हाटेलात सगळे हसत होते. 'बाईमाणूस हाय, चार दिसांत पळून जाईल,' आसं एकजण बोलला. तो मीच होतो. नंतर तुमचं काम बघितलं अन् माझ्याच नजरंचं मला भ्या वाटाय लागलं."