एमूच्या पोटातलं सुवर्णपदक

द्राक्षांचा हंगाम संपला की बरोसा खोऱ्यातल्या त्या गावात जत्रा भरते. त्या वर्षी जत्रेत ओटिली नोस्केच्या पणजोबांचं सुवर्णपदक मिरवायचं ठरलं. गावात पहिला द्राक्षमळा पणजोबांनीच लावला होता, आणि त्यांच्या वाइनला युरोपातल्या प्रदर्शनात हे पदक मिळालं होतं. ओटिलीनं ते घासूनपुसून अंगणातल्या बाकावर वाळत ठेवलं, आणि तिच्या पाळीव एमूनं ते चेरी गिळावी तसं गट्ट केलं.

बातमी कळताच चुलतभाऊ राइनहोल्ड धावत आला. पदक कोणाकडे राहावं यावरून भांडण झाल्यापासून त्यानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

"अर्धं पदक माझं. म्हणजे आता अर्धा एमू माझा!"

"घे की. कुठला अर्धा?"

राइनहोल्डनं विचार केला. "मागचा."

"बरं. मग मागचं सगळं तूच निस्तर."

झालं! राइनहोल्ड बादली घेऊन एमूच्या मागे हिंडू लागला. ओटिली पुढून दाणे चारी, तो मागून आशेनं पाही. एकाच पक्ष्याच्या दोन टोकांना दिवसभर राहायचं, तर अबोला टिकणार किती? आधी एमूच्या पोटाबद्दल बोलणं झालं, मग हवेबद्दल. मग ओटिलीनं त्याला केकचा तुकडा दिला.

"थेट मोठ्या काकूच्या हातचाच वाटतो गं," तो म्हणाला. ओटिलीला आईची आठवण आली आणि तिनं त्याला आणखी एक तुकडा वाढला.

जत्रा आली, पदक काही आलं नाही. जत्रेच्या समितीनं डोकं लढवलं: पदक एमूत आहे, तर एमूच मिरवा! फुलांनी सजवलेल्या गाडीवर एमू चढला. बँडनं सलामी दिली, पाद्रीबाबांनी टोपी काढली. नगराध्यक्षांनी गहिवरून विचारलं, "पूर्वजांनी आपल्यासाठी मागे काय ठेवलं?"

एमूनं तिथल्या तिथे उत्तर दिलं.

"आलं! ओटिली, आलं!" राइनहोल्डनं बादली उंचावली. गावानं टाळ्यांचा कडकडाट केला.

"घे, तुझ्याकडेच राहू दे," तो औदार्यानं म्हणाला.

"छे रे, तूच एवढा राबलास. तूच ठेव."

शेवटी पदक उकळत्या पाण्यातून काढून गावाच्या संग्रहालयात ठेवलं. पुढच्या रविवारी राइनहोल्ड बायकोला घेऊन ओटिलीकडे जेवायला आला आणि आंबट कोबी तीनदा मागून घेतली.