मच्छेची सुनयना बर्फावर

बेळगावजवळच्या मच्छेत बर्फ म्हणजे रसाच्या गाड्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी. त्यामुळं देवाप्पाची सुनयना आईस हॉकी खेळते म्हटल्यावर माणूस आधी हसायचा, आणि मग विचारायचा, "म्हणजे नक्की करती काय?" तिची आई मंगल सुरुवातीला हातवारे करून समजावून सांगायची. पुढं तिनं तो नाद सोडला. "पडती आणि उठती," एवढंच सांगून ती भाजी निवडायला लागायची.

सुनयनाची सुरुवात चाकांवर झाली. बेळगावात स्केटिंगचं वेड जुनं आहे. देवाप्पा मच्छेच्या एका कारखान्यात लेथवर होता. पहिल्या पाळीला जायच्या आधी तो पोरीला मोटरसायकलवरून शहरात नागेंद्र सरांच्या रिंकवर सोडायचा. सर रोलर हॉकी शिकवायचे. चौथीतली ही काटकुळी पोरगी मोठ्या पोरांच्या काठीखालून बॉल काढून न्यायची आणि वर मागं वळून बघायची. ते मागं वळून बघणं सरांना आवडायचं.

ती कॉलेजात गेली त्या हिवाळ्यात सर म्हणाले, "वर हिमाचलात बर्फावरच्या हॉकीचं शिबिर हाय. चाकांवर एवढी पळतीस. बघूया तिथं काय करतीस."

तिथं तिला पळता आलं, थांबता येईना. चाकांवर एक पाय मागं आडवा घासला की वेग कमी होतो. बर्फावर बुटांखालची दोन्ही पाती एकदम आडवी करून अंग मागं टाकावं लागतं, आणि तसं टाकताना वाटतं की आता आपटणार. सुनयना प्रत्येक वेळी कडेच्या फळ्यांवर जाऊन आदळायची. दुसऱ्याच दिवशी उसन्या, जाळी नसलेल्या हेल्मेटमध्ये ती तोंडावर पडली आणि हनुवटी फुटली. टाके घालताना कंपाउंडरनं विचारलं, "घर कुठं?" ती म्हणाली, "बेळगाव." तो म्हणाला, "मग इकडं कशाला?"

शिबिरात बहुतेक मुली लेह-लडाखच्या, चालायला लागल्यापासून गोठलेल्या तळ्यावर वाढलेल्या. त्या हिला 'चाकवाली' म्हणायच्या. त्यात खोडी कमी आणि कीव जास्त होती, आणि तीच तिला जास्त झोंबली. सगळ्या चहाला गेल्या की ती एकटी रिंकवर राहायची. पळायची, पाती आडवी करायची, पडायची. एक दिवस भारताच्या संघाची कप्तान यांगचेन चहाचा पेला घेऊन कठड्याशी येऊन उभी राहिली.

"तू पडायला घाबरत नाहीस," ती हिंदीत म्हणाली. "तू थांबायला घाबरतेस. गुडघे वाकव."

गुडघे वाकवल्यावर बर्फाचा भुगा फर्रकन उडाला आणि सुनयना जागच्या जागी उभी राहिली. यांगचेननं पेला कठड्यावर ठेवला आणि काठी घेऊन आत आली. तिसऱ्या हिवाळ्यात सुनयना भारताच्या संघात होती. बचाव फळीत.

घोटाळा झाला तो कॉलेजच्या शेवटच्या वर्षी. परदेशातली स्पर्धा आणि परीक्षा एकाच आठवड्यात आली, आणि शिबिरांपायी हजेरीही कमी पडली होती. सुनयना प्राचार्यांकडं गेली. ते शहरातल्या सुखवस्तू टिळकवाडीतले, बोलायला मऊ.

"आपल्या विद्यापीठाच्या खेळांत हा खेळच नाही," ते म्हणाले. "कबड्डी असती, खो-खो असता, तर मी काहीतरी केलं असतं. बर्फ कुठाय आपल्याकडं?"

"सर, मी देशाकडून खेळतीय."

"ते ठीक आहे. पण हे छंद श्रीमंतांच्या मुलींचे. तुझ्यासारख्या मुलीनं आधी डिग्री पदरात पाडून घ्यावी. स्पर्धेला जात नाही, झालं ते चुकलं, असं लिहून दे. हजेरीचं मी बघतो."

"तुझ्यासारख्या म्हणजे कसल्या, सर?"

प्राचार्यांनी चष्मा पुसायला घेतला. ती म्हणाली, "चुकलं असं मी लिहिणार न्हाय," आणि बाहेर पडली.

घरी मंगल जास्त कडक निघाली. तिला सातवीत शाळेतून काढून लोकांच्या शेतात तण भांगलायला धाडलं होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. त्याच्याकडं बोट करून ती म्हणाली, "ह्या घरात पदवी घेणारी तू पयली. एक वरीस घालवून बॉल मारायला जातीस?"

"बॉल न्हवं, पक. चपटा असतोय."

"चपटा असू दे न्हायतर गोल. लिहून दे म्हणत्यात तर दे की लिहून. शाई काय खाती का तुला?"

"आई, मी चोरी केली न्हाय. केली असती तर लिहून दिलं असतं."

देवाप्पा जेवत होता. "जाऊ दे तिला," तो ताटाकडं बघतच म्हणाला. मंगल त्या दोघांशी बोलायची बंद झाली. पोरगी गेली त्या सकाळी मात्र बॅगेत शेंगाची चटणी निघाली. ती कुणी भरली हे विचारायची गरज नव्हती.

पहिल्या दोन सामन्यांत सुनयना बाकावरच बसून होती. शेवटचा सामना ज्यांच्याशी होता त्यांनी भारताला आजवर दरवेळी हरवलं होतं. मधल्या डावात एका बचावपटूचा खांदा निखळला आणि प्रशिक्षकांनी तिच्याकडं बघितलं. गोल बरोबरीत होते. समोरच्या उंच मुली वाऱ्यासारख्या येत, आणि सुनयना पकच्या आडवी पडत होती. एक पक मांडीवर, एक पोटावर. उठायची, पुन्हा आडवी व्हायची. शेवटाला पक समोरच्यांच्या बाजूच्या निळ्या रेघेवर तिच्या काठीशी येऊन पडला. समोरची मुलगी पूर्ण वेगात अंगावर आली. सुनयना जागच्या जागी थांबली. ती मुलगी थांबू शकली नाही, पुढं निघून गेली, आणि मोकळ्या झालेल्या वाटेनं सुनयनानं पक हाणला. गोलकीपरच्या पायांमधून तो जाळीत गेला, आणि भारत जिंकला.

यांगचेन सगळ्यांत आधी येऊन अंगावर पडली. "चाकवाली," ती कानात ओरडली. या वेळी त्या शब्दात कीव नव्हती.

बेळगावला उतरली तर रेल्वे स्टेशनवर फक्त देवाप्पा आणि नागेंद्र सर होते. त्याचं तिला काही वाटलं नाही. वाटलं ते कॉलेजपुढून जाताना. गेटवर मोठा फ्लेक्स होता. मधोमध हात जोडलेले प्राचार्य, भोवती संस्थेची मंडळी, आणि कोपऱ्यात हेल्मेट घातलेली सुनयना. खाली लिहिलं होतं, 'आमची विद्यार्थिनी, आमचा अभिमान.' परीक्षा दोन दिवसांपूर्वी संपली होती. गैरहजर म्हणून तिला नापास धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती प्राचार्यांसमोर उभी राहिली. "सर, एकतर माझी परीक्षा घ्या, न्हायतर फोटो काढा."

"अगं, फ्लेक्स हा संस्थेचा मान आहे. परीक्षेचा नियम वेगळा."

"माझी हजेरी न्हाय म्हणता. मग गेटवर मी हजर कशी?"

ते हसले. "लहान आहेस अजून," म्हणाले आणि फोन उचलला.

घरी येऊन तिनं आधीचं आणि आताचं सगळं सांगितलं. मंगल कितीतरी दिवसांनी तिच्याशी बोलली. "तुझ्यासारख्या मुली, असं म्हणालते का ते? खरंच?"

"व्हय."

मंगलनं पदर खोचला. "चल."

खालच्या वर्गांची दुपारची सुट्टी होती, पोरं गेटवर गर्दी करून होती. मायलेकींनी शिपाई यल्लाप्पाकडं शिडी मागितली. त्यानं कारण विचारलं, ऐकलं, आणि "मी चहाला गेलतो म्हणून सांगा" असं म्हणून शिडी भिंतीला लावून निघून गेला. मंगलनं शिडी धरली. सुनयना वर चढली आणि दोऱ्या कापल्या. फ्लेक्स एका बाजूनं लोंबला, मग सगळाच खाली आला. पोरांनी मोबाईल वर धरले होते. प्राचार्य धावत आले.

"हे काय चाललंय? कारवाई होईल. समजतंय का बाई तुम्हाला?"

"करा," मंगल म्हणाली. "माझी पोरगी लिहून देणार न्हाय, आणि मीबी देणार न्हाय." तिनं फ्लेक्सची गुंडाळी केली आणि त्यांच्या हातात दिली.

कारवाईच्या बैठका झाल्या. नागेंद्र सरांनी दोनदा मध्ये पडून पाहिलं. फेरपरीक्षा मिळाली नाही. पण पोरांचे व्हिडिओ गावभर फिरल्यामुळं तिला कॉलेजातून काढायची हिंमतही कुणाला झाली नाही. तिचं वर्ष गेलं ते गेलंच. ते कळलं त्या रात्री सुनयना रडली, हेही खरं आहे. मंगल शेजारी बसून होती, तिनं समजूत घातली नाही.

नवं वर्ष सुरू झालं तशी सुनयना एक वर्ष मागच्या मुलींसोबत बाकावर जाऊन बसली. सकाळी रिंकवर लहान पोरींना शिकवायची आणि तिथून वर्गात यायची, केसात घाम तसाच. एकदा व्हरांड्यात प्राचार्य समोर आले. दोघंही थांबले.

"यंदा तरी परीक्षा देणार ना?" त्यांनी विचारलं.

"देणार, सर."

"आणि शिबिर?"

"जानेवारीत हाय," ती म्हणाली. "जाणार."

ती त्यांच्या शेजारून पुढं गेली आणि तास चुकू नये म्हणून जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली.