दानम्माची जागा

हणमंत बेंजो लावून बघत होता. वीरण्णानं पुढं होऊन तारांवर सपाट हात ठेवला. तारा मुक्या झाल्या.

"लांबण वाजवू नको इथं," वीरण्णा म्हणाला. "सिनेमाची गाणी वाजीव. दुसरं काय बी वाजीव."

"हात काढा, अण्णा. घामानं तार उतरती."

वीरण्णानं हात काढला, पण जागचा हलला नाही. स्टेजमागच्या कनातीत उकाडा होता, बाहेर जनरेटर धडधडत होता. भाड्यानं आणलेला ताशावाला कोपऱ्यात उकिडवा बसून ताशा शेकत होता. कनातीच्या फटीतून मैदान दिसत होतं आणि मैदानाच्या वर तो मोठा फलक. 'गुणवंतांचा महासत्कार'. त्याखाली मेरिटच्या पोरांचे चेहरे, पासपोर्टच्या फोटोतून फुगवून काढलेले, डोळे तारवटलेले. त्यांत एक चेहरा वीरण्णाच्या जगदेवीचा होता. बाकीच्यांच्या नावाखाली टक्के होते. तिच्या नावाखाली टक्के होते आणि कंसात लिहिलं होतं, भूकंपग्रस्त.

लातुरात आता हेच चालू होतं. भूकंपात ज्या भिंतींना भेगा गेल्या, त्या भिंतींवर क्लासच्या जाहिराती रंगवल्या होत्या. भेग एखाद्या हुशार पोराच्या कपाळातून गेली तरी रंगारी थांबत नव्हता.

"कामून नको वाजवू, ते तरी सांगा," हणमंत म्हणाला.

"तुला म्हाईत हाय."

हणमंताला माहीत होतं. गावात उरलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

लांबण हे काही गाणं नव्हतं. न्यू भारत बेंजो पार्टी वरातीत आणि गणपतीत सगळ्यांसारखी सिनेमाची गाणी वाजवायची. पण गाव तापलं की हणमंत एकच ओळ धरायचा आणि तिच्याभोवती फिरत राहायचा. ताशावाला मन्मथ त्याला आडवा जायचा, ढोल दोघांना रेटायचा. कधी पाव तास, कधी तासभर. आणि मग सगळं एकदम बंद. त्या बंद जागेत गावानं टाळ्या द्यायच्या, सगळ्यांनी मिळून, ठरलेल्या तालात. त्या संपल्या की मागून एक टाळी एकटीच यायची. ती वीरण्णाच्या बायकोची, दानम्माची; लेकरं तिला अव्वा म्हणायची. दानम्माच्या कडेवर कायम लेकरू. आधी जगदेवी, पुढं धाकटा. लेकरू सावरून दोन्ही हात मोकळे होईपर्यंत गावाच्या टाळ्या होऊन जायच्या. आधी लोक हसले. मग हणमंत त्या टाळीसाठी थांबायला लागला. तिची टाळी आल्याशिवाय मन्मथ काडी उचलायचा नाही. शेजारच्या गावची माणसं सायकली मारत यायची नि भांडायची, यात्रेतली लांबण चांगली की पाटलाच्या लग्नातली. भांडण मिटायचं एकाच गोष्टीवर. दानम्माची टाळी दोन्हीकडं झकास होती.

विसर्जनाच्या रात्री लांबण खूप चालली. दानम्मा झोपलेला धाकटा घेऊन घरी गेली. जगदेवी बेंजोच्या ट्रॉलीवरून उतरेना. ती ढोलाच्या गोणपाटावरच झोपली, आणि ती पडू नये म्हणून वीरण्णा चाकाला टेकून बसला. हणमंत आणि म्हातारा मडिवाळप्पा तिथंच मोकळ्यावर आडवे झाले. उजाडायच्या आत भूकंप झाला आणि गाव बसलं. बेंजोच्या नादानं वाचलेली ही माणसं. लोक त्यांना तोंडावर नशीबवान म्हणत. वीरण्णाला त्या शब्दाची ओकारी यायची.

"अण्णा, ऐका," हणमंत म्हणाला. "सहा वर्षं झाली. लग्नात कुणी बोलवत न्हाई. भूकंपाचा बेंजो म्हणत्यात. वरातीत नको, अपशकुन हाय म्हणत्यात. आज ही एवढी दुनिया समोर हाय. सिनेमाची गाणी तर कुणी बी वाजवतंय, लातुरात गल्लीला एक पार्टी हाय. मपल्याकडं लांबण सोडून दुसरं हाय काय?"

"ते मैदान बघ. टाळ्यांचा जवाब कोण देणार? सगळे आपलं इकडं-तिकडं बघत बसतील."

"बसू द्या."

वीरण्णानं फटीतून एकदा मैदानाकडं पाहिलं. मग म्हणाला, "वाजीव मग. पण तिची जागा ठेव. तेवढी मोडू नको."

"न ठेवून कुठं जातो? हात आपोआपच थांबतो तिथं."

"वचन दे."

"दिलं, अण्णा."

कनात बाजूला सारून क्लासचे मालक राघवेंद्र सर आत आले. कोट, कपाळावर गंध, हातात कार्यक्रमपत्रिका. "आठ मिनिटं हं. मोडून पडलेला माणूस पुन्हा उभा राहतो, हा आपला विषय. आणि मध्ये थांबायचं नाही. शांतता झाली की मुलं उठतात."

"हाव सर," हणमंत म्हणाला.

वीरण्णा बाहेर पडला. मडिवाळप्पानं मागच्या पायरीवर दोन जागा धरून ठेवल्या होत्या. पुढं हजारो पोरं एकसारख्या टी-शर्टात बसली होती. डावीकडं मुलगे, उजवीकडं मुली, मध्ये दोरी. जगदेवीचा सत्कार होऊन गेला होता. निवेदक माइकवर म्हणाला होता, "ढिगाऱ्यातून मेरिटपर्यंत!" ती ढिगाऱ्यात नव्हतीच. ट्रॉलीवर होती. पण ट्रॉलीला टाळ्या पडल्या नसत्या.

"तिला ठावं हाय का, हणम्या वाजवणार म्हणून?" मडिवाळप्पानं विचारलं.

"मी न्हाई सांगितलं. गावाचं नाव काढलं की पुस्तक उचलून दुसऱ्या खोलीत जाती."

बेंजो सुरू झाला. कर्ण्यातून आवाज फाटून येत होता, पण ओळ तीच होती. पोरं आधी आपसात बोलत राहिली. हणमंत ओळीभोवती फिरू लागला, तसं बोलणं कमी झालं. भाड्याचा ताशावाला मन्मथसारखा आडवा जात नव्हता, निमूट मागं चालत होता.

"मुडद्यासारखं वाजवतंय बेनं," मडिवाळप्पा म्हणाला.

मग सगळं बंद झालं.

मैदानावर नुसता जनरेटर ऐकू येत होता. हणमंत मान खाली घालून उभा होता. मेलेल्या गावाच्या टाळ्या तो मनात वाजवून घेत होता, हे पायरीवरच्या दोघांना कळत होतं. वीरण्णानं दोन्ही हात मांडीवर तयार ठेवले होते.

"वाजीव की रं," मडिवाळप्पा कुजबुजला. "आपण दोघं तरी."

दोघांचेही हात उठले नाहीत.

"लाइट गेली!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. स्टेजच्या कडेला राघवेंद्र सर हवेत बोट फिरवत होते, चालू करा, चालू करा. हणमंतानं त्यांच्याकडं बघितलं नाही. गावाच्या टाळ्या होऊन जाईपर्यंत थांबला, मग आणखी एका टाळीपुरता थांबला, आणि मगच त्यानं तार छेडली.

दुसऱ्यांदा सगळं बंद झालं, तेव्हा उजवीकडून टाळ्या आल्या. थोड्याच, आठ-दहा हातांच्या. पण तालात. बरोबर त्याच तालात.

वीरण्णा ताठ बसला. हणमंतानं मान वर केली. टाळ्या संपल्या. दानम्माच्या जागेला तो मुलींच्या बाजूला बघत थांबला. काहीच आलं नाही.

पोरं शिकायला वेळ लावत नव्हती. एकदा ऐकलं की पाठ करायचं, त्यासाठीच तर त्यांना घरादारापासून तोडून या शहरात कोंडलं होतं. तिसऱ्या वेळी दोरीच्या दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. अख्ख्या मैदानानं जवाब दिला. एवढा मोठा जवाब गावाला कधी जमला नव्हता. वीरण्णाच्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी घरात परकी माणसं शिरल्यासारखं वाटलं. टाळ्या थांबल्या. हणमंत थांबला. आणि त्या जागेत एक शिट्टी आली.

दोन बोटं तोंडात घालून मारलेली, लांब, कानात घुसणारी शिट्टी.

मैदान खदाखदा हसलं. वीरण्णा उठून उभा राहिला. "कोण हाय रं त्यो? तंगडं मोडून हातात देईन!"

"खाली बसा काका, दिसत नाही!" मागून कुणीतरी म्हणालं.

चौथ्या वेळी त्या जागेत शेकडो शिट्ट्या आल्या. हणमंत हसला. एवढ्या लांबून वीरण्णाला त्याचे दात दिसले. सहा वर्षांत दिसले नव्हते. ताशावाल्यालाही आता चेव आला होता, तो आडवा जाऊ लागला. आणि पाचव्या वेळी हणमंत थांबला नाही. टाळ्या संपता संपताच ताशा कोसळला, बेंजो त्याच्यावर चढला, आणि जागा बुजली. मैदान उभं राहून ओरडलं. आठ मिनिटं केव्हाच उलटली होती. राघवेंद्र सरही कोटाच्या बाह्या सावरून टाळ्या देत होते.

कार्यक्रम सुटला तेव्हा पोरांचा लोंढा पायऱ्यांवरून उतरला.

"काय वाजवलं राव! हात सुजले माझे."

"सोमवारची टेस्ट विसरलो ना मी."

"ते मध्ये बंद करून परत उचलतात ना, डोकंच जातं आपलं. दरवर्षी आणायला पाहिजे यांना."

केबलवाल्या पोरानं मडिवाळप्पाच्या तोंडासमोर माइक धरला. "आजोबा, एक भूकंपग्रस्त म्हणून कसं वाटलं तुम्हाला?"

"पायरी लई गार व्हती," मडिवाळप्पा म्हणाला.

वीरण्णा कनातीत गेला. हणमंताभोवती माणसं होती, कुणी त्याच्या हाताला हात लावून बघत होतं. वीरण्णाला बघून तो गर्दीतून बाहेर आला. अंगरखा घामानं चिंब, आणि चेहरा हसायचा थांबत नव्हता.

"अण्णा... पोरं चढली व्हती. तिथं थांबलो असतो तर समदं पडलं असतं."

"व्हय."

"दोघं जण लग्नासाठी इच्यारून गेले. एक उमरीचा हाय."

"घे की मग."

हणमंत आणखी काही बोलणार होता. वीरण्णा वळला.

फाटकापाशी हॉस्टेलच्या मुलींची रांग लावली होती. जगदेवीनं त्याला आधी पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता, कपाळावरचे केस चिकटले होते. गळ्यातली सत्काराची शाल तिनं काखेत कोंबली होती. शेजारची मालविका तिच्याच खोलीत राहायची. तीच आधी बोलली.

"काका, टाळ्या हिनं सुरू केल्या, माहितीये? पहिल्यांदा ते बंद पडलं ना, तेव्हा हिनं आमच्या रांगेला मांडीवर वाजवून शिकवल्या. आम्ही म्हटलं, ही मुकी आज बोलली कशी?"

वीरण्णानं पोरीकडं पाहिलं.

"बरोबर होत्या का, अप्पा?" जगदेवीनं विचारलं. आवाज बसला होता.

"बरोबर व्हत्या."

मग तो म्हणाला, "शिट्टी कुणी मारली ते दिसलं का? पहिली. तुमच्याच बाजूनं आली."

मालविका फिसकन हसली आणि जगदेवीचं तोंड बघून गप्प झाली.

जगदेवी शालीचा काठ ओढत होती. "मीच मारली," ती म्हणाली. "आधीच्या वेळी टाळीच द्यायला गेले होते, अव्वाची. हात उचललेच न्हाईत, अप्पा. अन् हणमंतमामा आमच्याकडं बघत नुसते थांबले होते. पुन्हा तसंच थांबले असते. कुणीतरी काहीतरी करायला पाहिजे होतं ना?"

रांग पुढं सरकली. मागच्या मुलीनं तिला ढोसलं.

"चला, चला, रांग मोडू नका," वॉर्डनबाई ओरडल्या.

"रागावलात का, अप्पा?"

वीरण्णानं तिच्या काखेतली शाल काढून घेतली, नीट घडी घातली आणि परत तिच्या हातात दिली. "जेवत जा वेळच्या वेळी," तो म्हणाला. ती फाटकातून आत गेली. वळून पाहायला बाईंनी वेळ दिला नाही.

जीप भरायची वाट बघत उभी होती. मडिवाळप्पा मागच्या बाकावर सरकून बसला होता आणि सुरूही झाला होता. ताशा शेवटाला सुधारला, पण मन्मथचा हात वेगळाच होता. कर्णे भिकार. टाळ्या मात्र कबूल कराव्या लागतील, शहरातली पोरं कुठून शिकली कुणास ठाऊक.

"पण त्या शिट्टीवाल्यानं घाण केली," तो म्हणाला. "त्यानं नासवलं बघ. हणम्या त्याच्यामुळंच सुटला. तू खाली जाऊन हुडकणार व्हतास, घावला का?"

"गर्दी लई व्हती."

"घावायला पाहिजे व्हता. दोन ठेवून द्यायच्या." जीप हलली, तसा म्हाताऱ्याला जोर चढला. त्यानं शिट्टीवाल्याला शिवी दिली, मग त्याच्या बापाला दिली. वीरण्णा बाहेर बघत होता. मग मडिवाळप्पानं शिट्टीवाल्याच्या आईला धरलं.

"बास," वीरण्णा म्हणाला. "आईवर जाऊ नको."