आईचं आडनाव

“आजी, कॅमेऱ्याकडे बघा आणि पूर्ण नाव सांगा.”

“बुरमाकान,” आई म्हणाली.

“आडनाव?”

आईनं डोक्यावरच्या पांढऱ्या रुमालाचं टोक तोंडाशी धरलं. झालं. ओळखपत्रासाठी या आठवड्यातली ही तिसरी खेप, आणि तिन्ही वेळा आमचं घोडं इथेच अडलेलं.

“एर्गेशोवा,” मी मागून म्हटलं. “कागदावर लिहिलंय की, बाई.”

“तुम्ही नाही, कॅमेऱ्यासमोर त्यांनी स्वतःच सांगायचं, असा नियम आहे.” काचेपलीकडच्या नुरीलाबाईंनी जुना पासपोर्ट माझ्यापुढे धरला. “या फोटोतली बाई पंचवीस वर्षांची आहे. समोर बसल्यात त्या शहात्तरच्या. या त्याच कशावरून? दुसऱ्याच्या आज्या आणून पेन्शन खाणारे काय कमी आहेत?”

चूक त्यांची नव्हती आणि आईचीही नव्हती. सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आणि तिचं आडनाव बनतं ते नेमकं त्याच नावावरून. आईचे सासरे, म्हणजे माझे आजोबा, एर्गेश. अठराव्या वर्षी ती त्या घरात आली, तेव्हापासून तिनं स्वतःचं आडनाव एकदाही उच्चारलेलं नाही. शेजाऱ्यांनी मुलाचं नाव एर्गेश ठेवलं, तर हिनं त्याला लालगाल्या म्हणायला सुरुवात केली. पुढे अख्खं गाव म्हणायला लागलं. आता त्याला नातवंडं झालीत, तरी तो लालगाल्याच आहे.

तिकडे अलायच्या डोंगरात काही अडायचं नाही. तिथले कारकून आईच्या हातचं याकचं दही खाऊन मोठे झालेले. ती दारात दिसली की आडनाव आपणच लिहून टाकायचे. पण बाबा गेले, आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि मी तिला ओशला माझ्याकडे घेऊन आले. सामान हलवताना तिची नवी कागदपत्रं ट्रकमधून कुठे पडली कोण जाणे. उरला तो एवढा सोव्हिएत काळातला पासपोर्ट. आणि या शहरात तिला ओळखणारी मी एकटी.

शुक्रवारी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मोफतच्या यादीत मोठ्या मुश्किलीनं नाव लागलेलं. उद्या दुपारपर्यंत ओळखपत्राची पावती दाखवली नाही, तर नंबर थेट पुढच्या वर्षी. डावा डोळा वर्षभर थांबणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. उजव्या डोळ्याची नजर तर आधीच गेली होती.

मी तिच्या कानाशी वाकले. “आई, दोन सेकंदांचं काम आहे गं.”

“मला जमत नाही, बेगायिम.”

“मग काय, आंधळी होऊन बसणार?”

“बसेन.”

माझं डोकंच फिरलं. शिवणाच्या कारखान्यातून तीन दिवसांची रजा, मुकादमाची बोलणी, आणि हिचं हे. “आजोबांना जाऊन चाळीस वर्षं झाली. ते काही उठून तुझ्यावर ओरडणार नाहीत.”

“ते कधीच ओरडले नाहीत,” आई म्हणाली. “म्हणून तर.”

मला माझीच लाज वाटली.

नुरीलाबाईंनी कॅमेरा बंद केला. “माझ्या सासूबाईसुद्धा अशाच आहेत,” त्या म्हणाल्या. “नियम मला मोडता येत नाही. पण जरा थांबा.” खुर्चीतून उठून त्यांनी रांगेवर नजर टाकली. चौथ्या नंबरवर लोकरीच्या नमद्याची उंच टोपी घातलेले एक म्हातारे काठीवर हनुवटी टेकून उभे होते. “आजोबा, वय काय तुमचं?”

“सत्त्याऐंशी. का, मुलगी बघितलीस का माझ्यासाठी?”

रांग हसली. नुरीलाबाईंनी त्यांना पुढे बोलावून सगळं सांगितलं. “या सूनबाईंना त्यांच्या सासऱ्यांच्या वतीनं मोकळीक द्याल? तुम्ही वडीलधारे आहात.”

म्हातारे आईसमोरच्या बाकावर सावकाश बसले. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. “कसे होते गं ते?”

“पहिल्या हिवाळ्यात मी गोठ्यामागे जाऊन रडायचे,” आई म्हणाली. “माहेरची आठवण यायची आणि थंडी सोसायची नाही. एकदा त्यांनी पाहिलं. अंगातला मेंढीच्या कातड्याचा कोट काढून कुंपणावर टाकला आणि निघून गेले. त्या सालचा हिवाळा त्यांनी नुसत्या बंडीवर काढला. सासूबाईंनी विचारलं, तर म्हणाले, कोट जड होतो.”

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. पन्नाशी उलटली माझी, आणि माझ्याच आजोबांची गोष्ट मला सरकारी कचेरीत कळत होती.

म्हाताऱ्यांनी दुवा मागताना धरतात तसे दोन्ही तळवे उघडून समोर धरले. पाहता पाहता मागच्या रांगेतले हात वर झाले. फायली काखेत धरून, पिशव्या पायांशी ठेवून. नुरीलाबाईंनीही काचेपलीकडे तळवे धरले.

“सूनबाई,” म्हातारे म्हणाले, “तू त्यांचा मान राखलास. ते असते तर आज तुला हेच म्हणाले असते, की नाव घे आणि डोळे बरे करून घे. मी त्यांच्या जागी बसून सांगतो. ओमीन.”

“ओमीन,” सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.

कॅमेरा पुन्हा सुरू झाला. आई उठून उभी राहिली. तिचा हात माझ्या हातात होता. मग तिनं तो सोडवून घेतला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, आणि नवी सून सासऱ्यांपुढे वाकते तशी कंबरेत खोल वाकली. वाकूनच, अगदी हळू म्हणाली, “बुरमाकान एर्गेशोवा.”

माझे डोळे भरून आले होते.

नुरीलाबाईंनी नाक पुसलं. “आजी, चेहराच आला नाही. परत सांगावं लागेल.”

मला वाटलं, संपलं सगळं. पण आईनं पाठ सरळ केली, रुमाल कानांमागे नीट खोचला आणि तोंड वर करून पुन्हा सांगितलं. या वेळी दाराशी उभ्या माणसालाही ऐकू गेलं.