खालच्या पट्टीतली गाणी

धाकट्याला बँडमध्ये सगळे घुम्या म्हणत. बास गिटार गळ्यात अडकवून ड्रमशेजारी उभं राहायचं, मान खाली घालून वाजवायचं आणि मुकाट घरी जायचं, वर्षानुवर्षं हेच. पुढे माइकवर त्याचा दादा. गाणी दादाची, टाळ्या दादाच्या. घुम्याची त्याबद्दल तक्रार नव्हती, खरंच नव्हती.

आणि अचानक हा पठ्ठ्या गाणी लिहायला लागला! एक जमलं, दुसरं जमलं, तिसऱ्याला लोक रडले. ड्रमवाला म्हणाला, "अरे, इतकी वर्षं काय तोंडात गुळणी धरून बसला होतास?" घुम्या नुसता हसला. सांगणार काय, कपाळ? दादाचा आवाज जात चालला होता, आणि ते त्याला एकट्यालाच कळलं होतं. बासवाल्याला गायकाची पाठ दिसते. वरचा सूर आला की दादाचे खांदे वर जात, मान ताठ होई. मग जेवढे सूर उरले होते तेवढ्यातच घुम्या गाणी बसवू लागला. गाणं सुटलं तर दादाचं काय होईल, या भीतीने तो रात्र रात्र चाली खाली उतरवत बसे.

"तुझी गाणी भलतीच रडकी बाबा," दादा म्हणे. "एकदा तरी वर जाऊ दे की मला!" पण गायचा मात्र जीव ओतून.

रेकॉर्डिंगच्या दिवशी रेकॉर्डिस्टने घोळ घातला. माणूस भला, पण नको तिथे अक्कल चालवणारा. काचेपलीकडून म्हणाला, "शेवटची ओळ वर न्या. गाणं उभं राहील."

"नाही," घुम्या म्हणाला. "माझं गाणं आहे. नाही म्हणजे नाही."

सगळे चाट पडले. हा जन्मात कुणाशी भांडला नव्हता. दादा तर भडकलाच. "चार गाणी काय लिहिलीस, डोक्यात हवा गेली? सरक! लावा हो!"

ओळ आली. खांदे वर गेले आणि आवाज मध्येच फाटला. पुन्हा घेतली, पुन्हा फाटला. मग नुसतीच हवा आली. दादा धाकट्याकडे वळला.

"म्हणजे ती सगळी गाणी..."

घुम्याने मान खाली घातली. "दादा, ओळ खालीच बरी वाटते."

"गप. तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही." दादाने हेडफोन काढून त्याच्या कानांवर बसवले. "तू म्हण."

"मला नाही येत."

"बाथरूममध्ये म्हणतोस ते ऐकतो रे मी."

आपलाही आवाज फाटावा, असं घुम्याला अगदी मनापासून वाटलं. पण तो मेला आवाज सरळ वर गेला, काही त्रास न होता. रेकॉर्डिस्टने काचेमागून अंगठा दाखवला. दादा खुर्चीत बसून ओळ संपेपर्यंत पायाने ताल देत होता. मग उठला, आपली पाण्याची बाटली धाकट्याच्या पायाशी ठेवली.

"कोमट आहे. घोट घोट पी," म्हणाला, आणि बाहेर गेला.